अर्भकांचा श्वास अडवणारा विषाणू : आरएसव्ही

जवळजवळ प्रत्येक बालकाला वयाची दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी एकदा तरी गाठणारा, आणि तरीही बहुतेक आई-वडिलांना नावानेही ठाऊक नसलेला असा एक विषाणू आहे. रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस हे त्याचे पूर्ण नाव. वैद्यकीय व्यवहारात त्याला आरएसव्ही म्हणतात. मोठ्या माणसाला त्याची लागण झाली तर चार-आठ दिवसांचे पडसे यापलीकडे सहसा काही घडत नाही. तोच विषाणू दोन-तीन महिन्यांच्या तान्ह्या बाळाच्या छातीत उतरला, की बाळाला धाप लागते, बरगड्यांखाली खड्डे पडू लागतात आणि ते अंगावर पिणे सोडते. २०१९ या एका वर्षात पाच वर्षांखालील बालकांमध्ये या विषाणूमुळे फुप्फुसापर्यंत पोचलेल्या आजारपणाचे सुमारे ३ कोटी ३० लाख प्रसंग घडले, ३६ लाख वेळा बालकांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि सुमारे १ लाख १ हजार बालके दगावली, असा जागतिक अंदाज ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झाला. दगावलेल्यांपैकी जवळपास निम्मी बालके सहा महिन्यांच्या आतली होती. यांतले ९७ टक्के मृत्यू अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले, म्हणजे आपल्यासारख्या देशांत.

लहान मुलांचा म्हणून ओळखला जाणारा हा विषाणू प्रथम सापडला तो मात्र चिंपांझींमध्ये. अमेरिकेतील वॉल्टर रीड या लष्करी संशोधन संस्थेत पाळलेल्या चिंपांझींच्या एका कळपात शिंका आणि सर्दीची साथ आली. वीस प्राण्यांपैकी चौदा आजारी पडले. त्यांच्या नाकातील स्रावातून एक अनोळखी विषाणू वेगळा करण्यात आला आणि १९५६ मध्ये त्याला ‘चिंपांझी कोरायझा एजंट’ असे नाव मिळाले. प्राण्यांची देखभाल करणाऱ्या एका कर्मचाऱ्यालाही त्याच सुमारास सर्दी झाली. पुढल्याच वर्षी, १९५७ मध्ये, रॉबर्ट चॅनॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बाल्टिमोर शहरातील श्वसनविकार झालेल्या बालकांमध्ये हाच विषाणू आढळला. विषाणू माणसाचाच होता. चिंपांझींना तो माणसाकडूनच मिळाला असावा, हे त्यानंतर स्पष्ट झाले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या थरात तो सोडला असता शेजारच्या पेशींची आवरणे एकजीव होऊन अनेक केंद्रके असलेली एकच मोठी पेशी तयार होते. अशा संयुक्त पेशीला शास्त्रात सिन्सिशियम म्हणतात, त्यावरून त्याचे आजचे नाव पडले.

वर्गीकरणाच्या दृष्टीने हा विषाणू पूर्वी गोवर आणि गालगुंड यांच्या विषाणूंबरोबर पॅरामिक्सोव्हिरिडी या कुळात गणला जाई. २०१६ मध्ये न्यूमोव्हिरिडी हे स्वतंत्र कुळ मान्य झाले आणि आरएसव्ही त्यात गेला. जानेवारी २०२५ मध्ये वृत्तवाहिन्यांनी ज्याच्या नावाने घबराट उडवून दिली तो एचएमपीव्ही याच कुळातला. तो २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेला. म्हणजे नवा तर नव्हताच. आरएसव्हीचा जनुकीय आराखडा एकरज्जुकी आरएनएचा असून त्याची लांबी सुमारे १५,२०० न्यूक्लिओटाइड एवढीच आहे. त्यात दहा जनुके आहेत आणि त्यांपासून अकरा प्रथिने तयार होतात. सर्वांत आधी बनणारी दोन प्रथिने पेशीची इंटरफेरॉन ही पहिली संरक्षक यंत्रणा मंद करतात. कणाच्या मेदयुक्त आवरणावर दोन महत्त्वाची प्रथिने असतात : श्वसनमार्गाच्या पेशींना चिकटणारे जी हे बंधक प्रथिन आणि विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणाशी एकजीव करणारे एफ हे संलयन प्रथिन. जी प्रथिन सतत बदलते. १९९९ मध्ये ब्वेनोस आयर्स येथे आणि २०१० मध्ये कॅनडातील ओंटारिओ येथे या जनुकाचा तुकडा दुपटलेले नवे प्रकार दिसले आणि काही वर्षांतच ते जगभर पसरले. एफ मात्र फारसे बदलत नाही. विषाणूचे अ आणि ब असे दोन उपगट आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने शहरातील नमुन्यांचा जो जनुकीय अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात हे दोन्ही उपगट पुण्यात वावरत असल्याचे दिसले.

एकच विषाणू प्रौढाला क्षुल्लक आणि अर्भकाला घातक का ठरतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी भौतिकशास्त्रात आहे. नळीतून संथपणे वाहणाऱ्या वायूला होणारा अडथळा नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. त्रिज्या निम्मी झाली, तर अडथळा सोळापट होतो. अर्भकाच्या फुप्फुसातील सूक्ष्म श्वासनलिका मुळातच अत्यंत अरुंद असतात. विषाणूमुळे त्यांच्या अस्तराच्या पेशी झडतात, भिंतीला सूज येते आणि मृत पेशी व चिकट स्राव मिळून आत गुठळ्या साचतात. प्रौढाच्या नलिकेत मिलिमीटरच्या अंशाएवढी सूज लक्षातही येत नाही. बाळाच्या नलिकेत तेवढीच सूज हवेची वाट बंद करते. या विकाराला सूक्ष्मश्वासनलिकादाह म्हणतात. छातीतून सूं-सूं आवाज येणे, श्वास जलद होणे, नाकपुड्या फुलणे ही त्याची चिन्हे. फार लहान किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला खोकला किंवा ताप नसतानाही मधूनच श्वास थांबण्याचा झटका येऊ शकतो, आणि हेच सर्वांत फसवे लक्षण आहे. एकदा लागण झाल्याने कायमची प्रतिकारशक्ती येत नाही. माणसाला आयुष्यभर या विषाणूची लागण पुनःपुन्हा होते, आणि म्हातारपणी तो पुन्हा गंभीर रूप धारण करू शकतो.

प्रसाराविषयी सर्वांत उद्बोधक प्रयोग अमेरिकेतील रॉचेस्टर येथे कॅरोलिन ब्रीस हॉल यांनी केला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात स्वयंसेवकांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटाने आजारी बाळाला उचलून घेतले, खाऊ घातले, जवळ घेतले. दुसऱ्या गटाने बाळ दूर असताना त्याचा पाळणा आणि खेळणी हाताळून नंतर स्वतःच्या नाका-डोळ्यांना हात लावला. तिसरा गट बाळापासून काही अंतरावर नुसता बसून राहिला. पहिल्या गटातील सातपैकी पाच जणांना आणि दुसऱ्या गटातील दहापैकी चौघांना लागण झाली. तिसऱ्या गटातील चौदांपैकी एकालाही नाही. फरशी किंवा टेबलासारख्या कठीण पृष्ठभागावर हा विषाणू काही तास तग धरतो. म्हणजे दुरून आलेल्या श्वासापेक्षा हात आणि जवळीक यांतूनच तो अधिक पसरतो. आपल्याकडे पाचवी आणि बारशाला बाळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरत असते. नाक गळत असलेल्या एखाद्या मावशीने किंवा शाळेतून आलेल्या थोरल्या भावंडाने हात धुतल्याशिवाय बाळाचा मुका घेऊ नये, एवढा साधा नियम या प्रयोगातून निघतो. तो पाळायला घरातल्या ज्येष्ठांना दुखवावे लागले, तरी हरकत नाही.

या रोगावर विषाणूनाशक असे परिणामकारक औषध नेहमीच्या वापरात नाही. नाक मोकळे ठेवणे, थोडे-थोडे पण वारंवार दूध पाजणे आणि रक्तातील प्राणवायू कमी झाला तर तो पुरवणे, हाच उपचाराचा गाभा. विषाणूवर प्रतिजैविकांचा उपयोग नाही. जिवाणूंचा दुय्यम संसर्ग झाला तरच ती लागतात. नियमाने वाफ देणे किंवा स्टेरॉइड देणे यांचा सूक्ष्मश्वासनलिकादाहात लाभ होत नाही, हे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. खोकल्याची सिरपे तर तान्ह्या मुलांना मुळीच देऊ नयेत. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात दूषित सिरपामुळे बालके दगावल्यानंतर, दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, अशी सूचना केंद्रीय आरोग्य यंत्रणेने पुन्हा काढली. छातीवर बिब्बा घालणे किंवा मेळघाटात अजून आढळणारे तापल्या लोखंडाचे चटके यांनी श्वास तर सुधारत नाहीच, उलट जखम आणि विलंब या दोन्हींची भर पडते.

प्रयोगशाळेतले हे ज्ञान साठत गेले तरी एक मूलभूत प्रश्न अनेक दशके तसाच राहिला होता : गरीब देशांत या विषाणूने नेमकी किती बालके मरतात? रुग्णालयाची नोंदवही या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, कारण मृत्यू घरात झाला तर तो त्या वहीत येतच नाही. या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी बदलण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, आणि तो मराठी वाचकांना पुरेसा माहीत नाही, असे मला वाटते.

पहिले पाऊल गडचिरोलीत पडले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८८ मध्ये बालन्यूमोनियावर एक क्षेत्रीय प्रयोग सुरू केला. ५८ गावांत आरोग्यदूत, सुईणी आणि निमवैद्यकीय कर्मचारी यांना न्यूमोनिया ओळखून औषध देण्याचे शिक्षण दिले गेले. तुलनेसाठी ४४ गावे निवडण्यात आली. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. उपचार मिळालेल्या ६१२ रुग्ण बालकांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. अक्षरशत्रू सुईणीलाही श्वास मोजता यावा म्हणून तेथे वाळूचे मिनिटयंत्र आणि सरकते मणी जोडलेले एक साधन तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपेपर्यंत लाल मणी गाठला गेला, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजायचे. त्यामागचे निकष आजही तेच आहेत : दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक. या प्रयोगात न्यूमोनिया कोणत्या जंतूने झाला, हा प्रश्न विचारलेला नव्हता. मात्र बालमृत्यूचा अभ्यास आणि उपचार घराच्या उंबरठ्यावर होऊ शकतो, हे तेथे सिद्ध झाले.

जंतू शोधण्याचे पुढचे काम मेळघाटात झाले. अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांचा हा डोंगराळ, प्रामुख्याने कोरकू वस्तीचा प्रदेश कुपोषण आणि बालमृत्यू यांसाठी वारंवार वृत्तपत्रांत येतो. डॉ. आशिष आणि डॉ. कविता सातव यांची ‘महान’ ही संस्था धारणीजवळच्या उतावली येथे गेली अडीच दशके आरोग्यसेवा करीत आहे. तिने कोलोरॅडो विद्यापीठातील बालरोगतज्ज्ञ एरिक सिमोएस यांच्या सहकार्याने ९३ गावांतील दोन वर्षांखालील मुलांचा पाठपुरावा केला. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया घरोघर जाऊन मुलांची पाहणी करीत. छातीचा गंभीर आजार दिसला तर नाका-घशातून नमुना घेतला जाई; घरी दगावलेल्या बालकाच्या नाकातूनही, कुटुंबाच्या संमतीने, नमुना घेतला जाई. त्या घराची अवस्था डोळ्यांपुढे आणली, की या एका वाक्यामागचे कष्ट आणि संयम लक्षात येतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील डॉ. वर्षा पोतदार या अभ्यासाच्या सहलेखिका आहेत. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून स्थापन झालेली ही संस्था १९७८ पासून आजच्या नावाने ओळखली जाते.

मेळघाटातील निष्कर्ष २०२१ मध्ये ‘क्लिनिकल इन्फेक्शियस डिसीजेस’ या नियतकालिकाच्या विशेष पुरवणीत आले. अर्जेंटिनातील ब्वेनोस आयर्स, पाकिस्तानातील कराची आणि झांबियातील लुसाका येथील असेच अभ्यास त्याच पुरवणीत होते. चारही ठिकाणांची परिस्थिती निराळी असली तरी सूर एक होता. आरएसव्हीने होणाऱ्या मृत्यूंचा मोठा हिस्सा रुग्णालयाबाहेर घडतो आणि बळी प्रामुख्याने कोवळ्या वयाची बालके असतात. लस देणे परवडेल का, असा हिशेब मांडणाऱ्या सरकारांना आणि दात्यांना तोवर हे मृत्यू दिसतच नव्हते.

लसीची कथा मात्र एका शोकांतिकेने सुरू होते. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस लहान मुलांना देण्यात आली. पोलिओची अशीच लस यशस्वी झालेली असल्याने विश्वास दांडगा होता. पुढे या मुलांना नैसर्गिक लागण झाली तेव्हा विपरीत घडले. एका चाचणीत लस घेतलेल्या आणि नंतर लागण झालेल्या २० बालकांपैकी १६ बालकांना रुग्णालयात ठेवावे लागले. लस न घेतलेल्या गटात २१ पैकी फक्त एका बालकाला. दोन बालके मरण पावली. लसीने प्रतिपिंडे निर्माण केली होती, पण ती विषाणूला रोखणारी नव्हती. उलट फुप्फुसातील दाह त्यांनी भडकवला. या आघाताने अर्भकांसाठीचे लससंशोधन कित्येक वर्षे थबकले, आणि ते योग्यच झाले.

कारण उलगडायला जवळपास अर्धे शतक लागले. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि पीटर क्वाँग यांच्या गटाने एफ प्रथिनाची संलयनापूर्वीची त्रिमित रचना उलगडली. पेशीत शिरण्यापूर्वी हे प्रथिन ओढून धरलेल्या गलोलीसारखे ताणलेले असते आणि सुटले की एकदम लांबट, निरुपयोगी आकार घेते. विषाणूला खरोखर रोखणारी सर्वांत प्रबळ प्रतिपिंडे पहिल्या, ताणलेल्या आकारालाच ओळखतात. फॉर्मॅलिनच्या लसीत मात्र सुटलेल्या आकाराचाच भरणा होता. काही अमिनो आम्ले बदलून संशोधकांनी प्रथिन त्या ताणलेल्या स्थितीतच गोठवले. हीच युक्ती पुढे कोविडच्या अनेक लसींत स्पाइक प्रथिन स्थिर करण्यासाठी कामी आली. कोविडची लस इतक्या लवकर कशी झाली, असे जे विचारतात त्यांनी आरएसव्हीवर झालेले हे काम पाहावे.

आज अर्भकाच्या संरक्षणाची दोन साधने हाती आहेत, आणि दोन्ही बाळाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीवर विसंबत नाहीत. पहिले साधन म्हणजे गर्भवतीला द्यायची लस. तिने मातेच्या रक्तात निर्माण झालेली प्रतिपिंडे वारेतून गर्भाकडे जातात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जन्मानंतरच्या पहिल्या ९० दिवसांत गंभीर आजाराविरुद्ध ८१.८ टक्के आणि १८० दिवसांपर्यंत ६९.४ टक्के संरक्षण दिसले. याच प्रकारची दुसऱ्या कंपनीची मातृलस चाचणीत अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतींचे प्रमाण वाढल्याचे दिसल्याने २०२२ मध्ये थांबवावी लागली होती. म्हणूनच अमेरिकेत मातृलस ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यानच देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २८ व्या आठवड्यापासून ती मान्य केली आहे. दुसरे साधन म्हणजे बाळालाच दिले जाणारे तयार प्रतिपिंड. या मालिकेतील जुने पॅलिव्हिझुमॅब १९९८ मध्ये आले. ते हंगामात दर महिन्याला टोचावे लागे आणि अतिशय महाग असल्याने ते अपुऱ्या दिवसांच्या व हृदयविकार असलेल्या बाळांपुरतेच राहिले. नव्या निर्सेव्हिमॅबची एकच मात्रा सुमारे पाच महिने टिकते. स्पेनमधील गॅलिसिया प्रांताने २०२३ च्या हंगामात ते सरसकट सर्व नवजात बालकांना दिले, तेव्हा या विषाणूमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागण्यापासून ८२ टक्के संरक्षण मिळाल्याचे आढळले. या दोनपैकी एक साधन वापरावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२५ मध्ये सर्व देशांना केली. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात यांपैकी काही नाही. बाळांना सध्या मोफत मिळणारी पीसीव्ही लस न्यूमोकॉकस या जिवाणूविरुद्ध आहे. ती आवश्यक आहेच, पण आरएसव्ही तिने थांबत नाही.

धाराशिव जिल्ह्यातील माकणीसारख्या गावाच्या दृष्टीने या साऱ्याकडे पाहिले, तर वेळेचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा दिसतो. लोहारा तालुक्यातील हे गाव निम्न तेरणा प्रकल्पासाठी आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या पट्ट्यातील म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. उत्तर भारतात आरएसव्हीची लाट हिवाळ्यात येते. आपल्याकडे ती बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीपर्यंत रेंगाळते. कोविडकाळात ती जवळजवळ नाहीशी झाली आणि २०२१ मध्ये अनेक देशांत भलत्याच ऋतूत उसळली, हे लक्षात घेता तिच्यावर नेमका भरवसा ठेवता येत नाही. पावसाळा सरून थंडी सुरू होते त्याच महिन्यांत मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबे मुकादमाबरोबर कारखान्याकडे निघतात. तान्ही मुले कोपीत, चुलीच्या धुरात, पाच-सहा जणांच्या दाटीत थंडी काढतात. आशा कार्यकर्तीच्या नवजात भेटी, २०१९ मध्ये सुरू झालेली ‘सांस’ ही न्यूमोनियाविरोधी मोहीम, लसीकरणाचे कार्ड हे सर्व गावाशी बांधलेले असते आणि बाळ गावात नसते. गरोदर स्त्रीचा अठ्ठाविसावा आठवडा गाळपाच्या हंगामात कारखान्यावर उजाडला, तर मातृलस तिला कोण देणार, हा प्रश्न लस येण्यापूर्वीच सोडवून ठेवावा लागेल.

या भागाला गावपातळीवरच्या आरोग्यकामाची ओळख नाही असे नव्हे. अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी यांनी उभारलेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातील स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडवले, आणि माकणीच्या शेजारच्या सास्तूर येथे स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे. मेळघाटात ज्या पद्धतीने श्वास मोजले गेले आणि नमुने पुण्याला गेले, तशी मोजणी येथील गावांत आणि साखर कारखान्यांच्या तळांवर, दोन्हीकडे, व्हायला हवी. मातृलस किंवा प्रतिपिंड सरकारी कार्यक्रमात येईल तेव्हा ते कोणत्या महिन्यापासून आणि कोणत्या ठिकाणी द्यायचे, हे दिल्लीत ठरवता येणार नाही. ते या मोजणीवरूनच ठरवावे लागेल. तोपर्यंत ज्या घरात तान्हे बाळ आहे, त्या घरातल्या प्रत्येकाने श्वासाचे ६०, ५० आणि ४० हे तीन आकडे पाठ करावेत, आणि बाळ दूध पिईनासे झाले तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.